फक्त पाणी

शुक्र. ९ जाने. २००९
जुना जोडीदार त्याची दोन वर्षं संपवून गावी गेला. माझं एक उरलंय. आज नवा आला. ओंकार देवल. वय अठरा, जन्म इथला, अबू धाबीचाच. बारावी झाली, कॉलेज सप्टेंबरात. मधले सहा महिने मंडळाच्या सेवेला, म्हणजे मराठी घरांची विचारपूस करत फिरायला, दिलेत.

त्याचं घर मोहम्मद बिन झायद सिटीत. आमच्या मुसफाच्या खोलीपासून पंधरा मिनिटं. पण जूनपर्यंत तिकडे जायचं नाही. घरी फोन फक्त दिवाळीला आणि गुढीपाडव्याला. बाकीचे नियमही त्याला पाठ आहेत. फेरीला दोघांनी जायचं. यादीतल्या मराठी घरीच जायचं, अनोळखी दार वाजवायचं नाही. तासाभरात उठायचं. कुणाकडे पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही.

आईने चकल्या दिल्या होत्या. लीलाताईंनी डबा खालूनच परत पाठवला. अबू धाबीच्या सगळ्या जोड्या त्या सांभाळतात, आणि डबेही.
ओं. म्हणाला, "ब्रो, चकली कुठल्या रूलमध्ये येते?"
"सगळ्यांत."

सोम. १२ जाने.
पहाटेची प्रार्थना. त्याचा आवाज स्वच्छ आहे. उच्चार इंग्लिश. सुधारू नयेत असं वाटतं.
सकाळी मी मंडळातल्या पटवर्धन काकांच्या ऑफिसात कामाला, माझा व्हिसा त्यांचाच. तोवर तो खोली झाडतो. कपाटामागूनसुद्धा.

बुध. १४ जाने.
संक्रांत. तीन घरं. तिळगूळ नाही म्हणता येत नाही, खाता येत नाही. हातात घ्यायचा, गोड बोलायचं, खिशात टाकायचा. दुसऱ्या घरी ओं.चा खिसा भरला. तिसऱ्या घरातल्या आजी म्हणाल्या, "अरे, तोंडात टाक की." तो म्हणाला, "आजी, हे पार्सल आहे." त्या इतक्या हसल्या की कवळी धरावी लागली.
खोलीवर येऊन खिसे रिकामे केले. अकरा लाडू. नियम लोकांच्या घरी न खाण्याचा आहे, खोलीचं काही लिहिलेलं नाही. खाल्ले.

शुक्र. २३ जाने.
दुबई मरीना. दीड तास गाडी. एकविसावा मजला. दार उघडलं नाही. वॉचमन म्हणाला, "वो लोग तो गया. सामान भी पूरा नहीं लिया." दाराबाहेर मुलाची सायकल होती, हवा भरलेली.
ली.ताईंनी फोनवर नाव खोडलं. मंदीने पळालेलं, या महिन्यातलं चौथं.

शुक्र. ३० जाने.
फेरीहून परत येताना ओं.ने गाडी कडेला घेतली. समोर रीम आयलंड. डावीकडून तिसरी क्रेन त्याच्या बाबांच्या साइटची. लहानपणीच नाही, अगदी गेल्या वर्षीसुद्धा तो इथून तिला हात करायचा. आज म्हणाला, "हलत नाहीये."
मी म्हणालो, आज शुक्रवार, सुट्टी आहे.
"हो," तो म्हणाला. "बरोबर."

बुध. ११ फेब्रु.
ली.ताईंनी फोनवर यादी सांगितली, मी उतरवत गेलो. यावेळी फक्त ज्यांची नोकरी गेली ती घरं. सातवं नाव: सुहास देवल, मो. बिन झायद सिटी.
"हे तर ओंकारचं घर," मी म्हणालो.
"दुसरी जोडी दुबईत अडकलीय," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच जावं लागेल."
"ओंकारला माहीत आहे?"
"घरचे पाडव्याला सांगणार होते, फोनच्या दिवशी. तोवर नवी नोकरी मिळेल म्हणून."

पाडवा सत्तावीस मार्चला. पंधरा मिनिटांवरच्या घराने मुलाला सांगायला दीड महिना ठेवलेला. नियम आमचे, पाळत होते ते.

गुरु. १२ फेब्रु.
सांगायला शब्द जुळवत होतो. शेवटी यादीच हातात दिली. त्याने सातवं नाव वाचलं, मग आठवं आणि नववंही वाचलं.
"ओके," तो म्हणाला. "तिथे प्रश्न कोण विचारणार? माझा टर्न आहे."

शुक्र. १३ फेब्रु.
त्याच्या खिशात घराची किल्ली असते. तरी त्याने बेल वाजवली.
सुहास काकांनी दार उघडलं. "या, बसा." मुलाला. दोघांचीही पाठ ताठ. ओं. माझ्या शेजारी, पाहुण्यांच्या सोफ्यावर बसला. मेधा काकूंनी ट्रेमधून दोन ग्लास आणले. आतून फोडणीचा वास येत होता.
ओं.ने ठरलेला प्रश्न विचारला, "घरी सगळे कसे आहेत?"
काकू हसल्या आणि आत गेल्या.
काकांनी सरळ उत्तर दिलं. सगळ्यांचे व्हिसा त्यांच्यावर, ओं.चाही. वीस मार्चपर्यंत नवी नोकरी नाही मिळाली तर चौघांनी पुण्याला. दोन ठिकाणी इंटरव्ह्यू झालेत. "एचआरवाला म्हणतो, इन्शाल्ला. त्याच्या तोंडावरून हो की नाही ते कळत नाही."
धाकटी बहीण ईशा दारात उभी. "व्हाय इज ही सिटिंग लाइक दॅट? यू लिव्ह हिअर."
"नॉट टिल जून," ओं. म्हणाला.
काकू बाहेर आल्या. "पाणीच घेणार?"
"आई, रूल आहे."
"सगळ्यांकडे असाच बसतोस?"
"हो."
"मग छान बसतोस."
तासाभराने उठलो. गाडी त्याने चालवली. मुसफाचं वळण चुकला, पुढचंही.

शनि. १४ फेब्रु.
जेव, असं काल मला ओं.ला म्हणता आलं असतं. मोठा जोडीदार मी. काकू म्हणतील याची वाट बघत होतो. काकू माझी बघत होत्या. कळलं ते आज, भांडी घासताना.
माझ्या आईचं पत्र आलं. नेहमीचा शेवट: तुला तिथे वाढतं कोण?

शुक्र. २० फेब्रु.
परत देवलांकडे. पाणी आलं. ओं.ने ग्लास उचलला. मी म्हणालो, "काकू, भूक लागलीय."
 नियम मोडायचा तर मोडणारा मी असायला हवा होता, मुलगा नाही. एवढा विचार करून गेलो होतो. पण म्हटल्यावर खरंच भूक लागली.
ओं. माझ्याकडे बघत राहिला. "आर यू सीरियस?"
"यल्ला, चला," ईशा म्हणाली आणि ताटं घ्यायला पळाली.
वरणभात, तूप, लोणचं. ओं. मान खाली घालून जेवला. दुसऱ्यांदा भात घेताना म्हणाला, "आई, तूप कमी आहे."
"महिनाभर पाण्यावर होतास, आता तूप कमी?"
काकाही पोटभर जेवले. काकू मला आत बोलावून म्हणाल्या, "आठवड्यातलं पहिलं जेवण त्यांचं. नाहीतर ताटात रेघा ओढत बसतात."

शनि. २१ फेब्रु.
फेरीचा अहवाल. "काय घेतलं" या रकान्यात वर्षभर एकच शब्द लिहितोय. कालचं लिहिलं: पाणी, वरणभात, लोणचं, परत भात.

बुध. २५ फेब्रु.
ली.ताईंचा फोन.
"परत भात?"
"हो."
"कोणी?"
"दोघांनी."
 मी गावी परतीच्या विमानाचा विचार करायला लागलो.
"लोणचं कसलं होतं?"
"लिंबाचं."
"मेधाचं लिंबाचं चांगलं असतं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शुक्र. ६ मार्च
एका ठिकाणाहून नकार. दुसरं दुबईतलं, तिथे काका परवा तिसऱ्यांदा जाऊन आले.
ओं.ला विचारलं, पुणं कसं वाटतं. म्हणाला, "पुणं म्हणजे जुलै. दरवर्षी जातो, ताप येतो, परत येतो." थोड्या वेळाने, "जूनपर्यंतचं मी प्रॉमिस केलंय. व्हिसा गेला तर प्रॉमिस मोडलं असं होतं का?"
नाही, म्हणालो. मला नक्की माहीत नाही.

शुक्र. १३ मार्च
देवलांकडे खोकी. ईशा त्यांवर मार्करने लिहिते: किचन, बुक्स, डोन्ट ओपन. सोफा कोणी तरी घेऊन गेलं. पाहुण्यांची बाजूच उरली नाही. जमिनीवर बसलो. ओं. भिंतीला टेकून, पाय पसरून. तसं बसलेलं त्याला मी पहिल्यांदा पाहिलं.
तो गेला तर मला नवा जोडीदार मिळेल. मंडळ जागा रिकामी ठेवत नाही.

गुरु. १९ मार्च
देवलांची तिकिटं उद्या संध्याकाळची, चौघांचीही. दुबईच्या ऑफिसने सांगितलंय, आज पाचपर्यंत फोन करतो, इन्शाल्ला. काकांनी उलटून विचारलं नाही.
आता पावणेचार. ली.ताईंच्या यादीत आज एकच घर आहे. खाली त्यांनी मला लिहायला लावलं: तासाची अट नाही.
सकाळपासून आम्ही दोघांनी काही खाल्लेलं नाही. काकूंचा निरोपच होता: भुकेने या.
प्रार्थना आज दुपारी पुन्हा केली. ओं.ने काय मागितलं विचारलं नाही. मी जे मागितलं ते सेवेत बसतं का, हे ली.ताईंनाही विचारलं नाही.
तो खालून हॉर्न देतोय. त्याची बॅग खोलीतच आहे, भरलेली नाही. किल्ली घेतलीय, घराची. आज बेल वाजवणार नाही म्हणाला.