दोनशे बारा कॉम्प्युटर, एकही प्रश्न नाही

३ मार्च, सोमवार
बाहेर तापमान उणे अठरा. गाडी तिसऱ्या प्रयत्नात चालू झाली. तीन शाळा, दोनशे बारा कॉम्प्युटर, आणि राज्याच्या परीक्षेचा प्रोग्राम पंधरा दिवसांत सगळ्यांवर बसवायचा. साहेबीण इंग्रिड म्हणाली, किती दिवस? म्हटलं, एक दुपार. माझ्या कामात मी पहिल्यापासून चोख.

व्हर्ना माझ्यासोबत काम करते. वय त्रेसष्ट. एकोणीस वर्षं प्रत्येक कॉम्प्युटरसमोर बसून ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबते. तिला समजावलं की कमांडच्या शेवटी तिरकी रेघ आणि ‘एस’ हे इंग्रजी अक्षर जोडलं की प्रोग्राम कुणाला काही न विचारता आपोआप बसतो. याला सायलेंट इन्स्टॉल म्हणतात. ती म्हणाली, ‘बरं बाबा. पण मी आपली उद्यापासून सुरू करते.’ मनाई केली. म्हातारपणी किती वणवण करायची तिने!

५ मार्च, बुधवार, दुपारी २
टेबलावरूनच सगळ्या कॉम्प्युटरवर कमांड सोडली. काहीही झालं नाही. म्हणजे उत्तम झालं. सायलेंट याचा अर्थच तो. इंग्रिडला ‘काम फत्ते’ कळवलं.
तपासून पाहिलं नाही. स्वतःवर अविश्वास बरा नव्हे.

७ मार्च, शुक्रवार
व्हर्ना म्हणते, लायब्ररीत एकाही कॉम्प्युटरवर प्रोग्राम नाही.
इतरत्रही नाही. एस मोठा हवा होता, मी छोटा टाकला. त्यामुळे दोनशे बारा ठिकाणी ‘नेक्स्ट’ विचारणारी खिडकी उघडून बसली आहे, तीही कुणाला दिसणार नाही अशी. दोन दिवस! छोट्या-मोठ्या एसमध्ये भेदभाव करणाऱ्या माणसाची कीव येते.
संध्याकाळी चर्चमध्ये उपासाच्या शुक्रवारचे तळलेले मासे. 

११ मार्च, मंगळवार
मोठा एस. बसला! सगळीकडे! इंग्रिड म्हणाली, ‘उशिरा का होईना.’ हिच्या तोंडी हे कौतुकच.
संकल्प: यापुढे सूचनापुस्तिका पूर्ण वाचायची. चाळीस पानं. आज तीन वाचली. डोळे दुखतात.

१८ मार्च, मंगळवार, सकाळी १०
परीक्षा सुरू. कंपनीकडून दुरुस्तीची फाइल आली, छोटीशीच. व्हर्ना म्हणाली, ‘अरे लाइल, पोरं लिहितायत. तीननंतर सोड.’ म्हटलं, व्हर्ना, सायलेंट आहे. कुणाला कळणारसुद्धा नाही.

१०.२५
कळलं.
‘रीस्टार्ट करू नको’ असं सांगणारा वेगळा स्विच कमांडच्या शेवटी जोडायचा असतो. पान एकतीस. तो नसला की कॉम्प्युटर न विचारता बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तिन्ही शाळांत एकदमच झाला.

संध्याकाळी
आठवीचे निबंध गेले. त्यांचे वर्गशिक्षक टोर्वसरांचा फोन आला. ओरडतील असं वाटलं होतं. हळू आवाजात म्हणाले, एक मुलगी वर्षभर चार ओळींपुढे जात नव्हती, आज तिने दोन पानं लिहिली होती. परत मिळतील का? मी म्हटलं, तांत्रिक बाजू तपासतो.
तपासायला काही नव्हतं.

१९ मार्च, बुधवार
मीटिंग. मी तोंड उघडणार तोच व्हर्ना म्हणाली, ‘कमांड आम्ही दोघांनी मिळून सोडली.’
शेवटी तिला स्वतःची जबाबदारी कळली तर. मला वेळीच नीट अडवलं असतं तर ही वेळच आली नसती. मी मन मोठं करून गप्प राहिलो.

२१ मार्च, शुक्रवार
बर्फ. झोप नाही. व्हर्ना जूनमध्ये निवृत्त होते आहे. आज डब्यातला, ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश तिने निम्मा मला दिला. तिने मीटिंगचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. 
ठरवलं. सोमवारी खरं सांगून टाकायचं. नोकरी गेली तरी बेहत्तर. भाषण तयार केलं, दीड पान.

२४ मार्च, सोमवार
इंग्रिडच्या खोलीत उभ्यानेच भाषण सुरू केलं. दुसऱ्या वाक्याला तिने थांबवलं. म्हणाली, ‘लाइल, कमांड कुणी सोडली ते कॉम्प्युटरच लिहून ठेवतो. नाव, वेळ, सगळं. पहिल्या दिवसापासून माहीत आहे.’
विचारलं, मग व्हर्ना तसं का बोलली?
‘तुझा चेहरा बघवत नव्हता म्हणाली. जा आता, मला काम आहे.’
बाहेर आलो. नोकरी गेली नाही. उरलेलं भाषण खिशात.

२७ मार्च, गुरुवार
फेरपरीक्षा. ती मुलगी कोणती, हे विचारायचं धाडस झालं नाही. सगळ्याच खाली मान घालून लिहीत होत्या.
इंग्रिडने मला वर्गात मागच्या खुर्चीवर बसवलं होतं. कशालाही हात लावायचा नाही, अशी सूचना होती.
तीन तास नुसता बसलो. परीक्षा सुरळीत पार पडली.