आबा, तुमची हिरवी गाडी काल गेली

प्रिय आबा,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाला पान वाढलं, कावळाही लगेच शिवला, पण तेव्हा तुमच्याशी बोलावंसं वाटलं नाही. आज लिहितोय, कारण काल मी सुलोचनेवर हातोडी उगारली. माझ्या बायकोवर! तुमचीच तांब्याची हातोडी, आणि तीही तुमच्या गाडीपायी.

गाडी विकायला काढली होती. पुण्याहून एक वकीलसाहेब बघायला आले. त्यांनी बॉनेट उघडलं, तारांची चाकं फिरवून पाहिली, टपाचं कापड चाचपलं. "दोन सीटांची विलायती गाडी, आणि इतकी निगुतीनं जपलेली! वडिलांची माया दिसते हो," म्हणाले. शंकरदादा मागं उभा होता. थोरला भाऊ म्हणून मुद्दाम बोलावून घेतलं होतं, बारा वर्षांनी घरात पाऊल टाकलं त्यानं. तो हसला.

"जपली की. आमी सोडून समदं जपलं आबानं."

खोटं आहे का? तुम्हीच सांगा!

धरणावरच्या बंगल्यातला गोरा साहेब इंग्रजांचं राज्य गेल्यावरही चार-पाच वर्षं राहिला आणि जाताना गाडी तुमच्या नावावर करून गेला. त्याचे ड्रायव्हर तुम्ही, मिस्त्रीही तुम्हीच. मुळशीच्या पावसात तुम्ही बैल बाहेर बांधलेत आणि गाडी गोठ्यात घेतलीत. एक बैल त्या पावसात गेला. त्या दिवशीही तुम्ही आधी गाडी पुसलीत.

आईची कोंबडी एकदा सीटवर जाऊन बसली, आठवतं? तुम्ही तिची मान पिरगाळून आईच्या पदरात टाकलीत. "शिजव," म्हणालात. तिनं शिजवली. तुम्ही जेवलात, आईनं घास तोंडात घेतला नाही.

पण इंजिनाला काठी टेकवून, दुसरं टोक माझ्या कानाशी धरून, "ऐक, कुटं दुखतंय तिला?" असं विचारणारेही तुम्हीच होतात. तेव्हा तुमचा हात माझ्या खांद्यावर असायचा आणि मला तो हवासा वाटायचा. आज हे आठवलं की तुमचाही राग येतो आणि माझाही.

ती खंडेनवमी विसरलात का? सगळं गाव नांगर-कोयते पुजत होतं. दादा सोळा वर्षांचा. त्याला वाटलं, आपल्या घरचं सगळ्यात मोठं औजार म्हणजे गाडी! त्यानं तिला झेंडूचा हार घातला आणि नारळ दगडावर न फोडता चाकाच्या मधल्या चकचकीत चाकीवरच आपटला. मान द्यायला हो! नखाएवढा मुलामा उडाला.

तुम्ही पौडाहून आलात. "कुनी क्येलं हे?" विचारलंत. दादाचं नाव मी सांगितलं. बारा वर्षांचा होतो मी. वाटलं, फार तर दोन थपडा बसतील.

तुम्ही त्याचं मनगट ओट्याच्या दगडावर दाबलंत आणि हातोडी घातलीत. तीन घाव. आई मध्ये पडली तर तिला लाथेनं उडवलंत. हाड मोडल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. हाडवैद्यानं बांधलं, पण मनगट वाकडंच जुळलं. नांगराचं रुमणं त्याला पुन्हा धरता आलं नाही. तो मामाकडे गेला तो गेलाच. तुम्ही मरेपर्यंत एकदाही विचारलं नाहीत, शंकर कुठे आहे म्हणून.

चाक काढायला मधली चाकी ठोकून सोडवताना तिला खोक पडू नये म्हणून साहेबानं ती मऊ तांब्याची हातोडी दिली होती. लोखंडाला लागतं हे तुम्हाला कळत होतं. पोराला लागतं हे नव्हतं कळत?

तुम्हाला काय विचारू? काल वकीलसाहेबांना चाक काढून दाखवायला तीच हातोडी माझ्या हातात होती. लेक सासरी निघावी तशी गाडी निघणार, म्हणून सुलोचना हळदकुंकवाचं ताट घेऊन आली. कुंकू लावताना तिनं ताट बॉनेटवर टेकवलं, उचलताना जरा ओढलं गेलं. करंगळीएवढा चरा पडला.

मी काय ओरडलो ते आठवत नाही. वर मी 'उगारली' असं लिहिलंय, तेही खोटं. घातली! तिच्या डोक्याच्या रोखानं घातली, आबा. दादा मध्ये आला म्हणून ती त्याच्या दंडावर बसली.

"बास, आबा," दादा म्हणाला. मला म्हणाला!

वकीलसाहेब वाकले ते चरा बघायला. "पॉलिशनं जाईल," म्हणाले. दुपारी गाडी घेऊन गेले.

गाडीमागोमाग सुलोचनाही निघाली. बोचकं बांधलं, आमच्या छबीला कडेवर घेतलं आणि दारात थांबली.

"चरा पडला म्हून मारत हुता. आता गाडी न्हाई. उद्यापासनं कशापायी माराल?"

मी छबीकडे हात पुढे केला, नुसता गालाला लावायला. दोन वर्षांची पोर. तिनं डोळे गच्च मिटून घेतले आणि मान आईच्या खांद्यात खुपसली.

उद्या सकाळी मी सुलोचनेच्या माहेरी निघतोय. सासऱ्यांपुढे, चार माणसांपुढे सांगेन की तिची काही चूक नव्हती, मी मारलं. ती येते म्हणाली तर घेऊन येईन. नाही म्हणाली तर ओढून आणणार नाही, एकटा परत येईन आणि पुन्हा जाईन. आणि तिथल्या अंगणात मी छबीपासून लांब बसेन. ती स्वतःहून जवळ येईपर्यंत हात पुढे करणार नाही, वर्ष लागलं तरी. हे वचन तुम्हाला देतोय, आबा, कारण मोडलं तर माझ्या रूपानं तुम्हीच परत याल.

तुमचा मुलगा आणि छबीचा बाप,
बबन