पिसांवरची भुकटी

१२ जानेवारी

चि. शेंडेफळास,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत, तुम्हीही ठीक असाल. पन्नाशी उलटून डोक्यावर चंद्र उगवलेल्या माणसाला शेंडेफळ म्हणायचं म्हणजे अतीच झालं, पण तुझी ताई मला दुसरं काही लिहू देत नाही.

पक्षी सुखरूप पोहोचल्याचं कळलं. 'भाऊजी, आता यांचं करू काय?' असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा ती शेजारीच बसली होती, म्हणून जास्त बोललो नाही. आता सविस्तर लिहितो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मी पाठवलेल्यांपैकी एकालाही मोकळं सोडायचं नाही. वर्षाने नाही, चार वर्षांनी नाही. शर्यतीच्या कबुतराचं घर एकदाच ठरतं. ज्या छपरावरून त्याने पहिल्यांदा आकाश पाहिलं, ते त्याचं घर. तू त्याला बदाम भरव, मांडीवर घेऊन झोपव, दार उघडलंस की ते तुझ्या डोक्यावरून एक गिरकी मारणार आणि सरळ आमच्या गच्चीचा रस्ता धरणार. तेव्हा त्यांच्या जोड्या लाव, अंडी घालू दे. जी पिल्लं होतील ती तुझी. उडवायची ती पिल्लं.

खायला मका, गहू, वाटाणे. भरपूर नाही, बेतानं. तुडुंब जेवलेलं कबुतर कुणाचं ऐकत नाही, या बाबतीत ते तुझ्यावर गेलंय. दाणे टाकण्याआधी रोज तोच पत्र्याचा डबा वाजवायचा. पुढे पिल्लं आकाशात असतील तेव्हा तुझ्या हातात एवढा एकच लगाम असेल. शिंपल्यांचा चुरा एका वाटीत कायम असू दे. विष्ठा घट्ट आणि वर पांढरा ठिपका, म्हणजे सगळं ठीक. हिरवी पातळ दिसली तर त्या पक्ष्याला लगेच वेगळं कर.

आठवड्यातून एकदा पसरट घमेल्यात आंघोळीचं पाणी ठेव. आंघोळ झाली की पाण्यावर पांढरा तवंग येतो. घाबरू नकोस, ती पिसांवरची भुकटी. जितकी भुकटी जास्त तितका पक्षी ठणठणीत. आमच्या पक्ष्यांची भुकटी बघायला लोक लांबून यायचे.

खुराडं रोज खरवडायचं. आधी पाणी शिंपडायचं, नाकाला फडकं बांधायचं आणि मगच आत जायचं. हसू नकोस. इतक्या वर्षांत मला कधी फडकं बांधलेलं पाहिलं नाहीस हे मला माहीत आहे. तरी बांध.

पक्षी का दिले म्हणून मला जो तो विचारतोय. गुडघे गेले, जिने चढवत नाहीत, संपलं. मोटारी दुरुस्त करायच्या म्हणजे दिवसभर उकिडवं बसायचं, त्यातच गेले. करड्या मादीकडे जरा जास्त लक्ष दे. तुझी ताई तिला 'मावशी' म्हणते आणि घरातल्या माणसासारखी तिची चौकशी करते.

ताई बरी आहे. दम लागतो थोडा, वय झालं. तिला फोनवर तब्येतीचं विचारून भंडावू नकोस. काय विचारायचं ते मला लिहून विचार.

तुझा
भाऊजी


२० मार्च

चि. शेंडेफळास,

अनेक आशीर्वाद. मावशीने अंडी घातली आणि दोन्ही फुटली, वा! तुझा छापखाना बंद पडल्यापासून तुझं तोंड आंबलेलं होतं, ते गेल्या भेटीत जरा खुललेलं दिसलं. तुझ्या बायकोने मला फोनवर सांगितलं, 'हे आता पहाटे उठून कुणाशी तरी बोलतात, मला वाटलं दुसरं लग्न करतायत.'

पिल्लांना आईबाप गळ्यातून दूध देतात, त्यात लुडबुड करू नकोस. आठवड्याची झाली की पायात कडी घाल. उशीर केलास तर पाय जाड होतो आणि कडी चढत नाही. पिसं पुरी आली की खुराड्याच्या छपरावर जाळीत ठेव, सगळीकडे नजर फिरवू दे. मग एका संध्याकाळी उपाशी पोटी मोकळं सोड आणि डबा वाजव. पहिल्या दिवशी तू डबा फुटेस्तोवर वाजवशील. प्रत्येक जण वाजवतो. पुढे टोपलीतून थोडं थोडं लांब नेत जा, एकदा या दिशेला, एकदा त्या. धुकं असेल तर नेऊ नकोस. आणि जे उशिरा येईल त्याला कधी रागवायचं नाही. उशिरा आलं तरी ते घरीच आलं.

तू आलास, राहिलास, ताईच्या शेजारी गादीवर बसून अर्धा दिवस गप्पा मारल्यास. तिला फार बरं वाटलं. इतकी हसली की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसलो.

पण पुढच्या महिन्यात येऊ नकोस. घराला रंग काढायचा आहे, सगळं सामान बाहेर असेल. त्याच्या पुढच्या महिन्यातही नको. मी कळवीन तेव्हा ये.

गैरसमज करून घेऊ नकोस.

तुझा
भाऊजी


६ मे

चि. शेंडेफळास,

आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. 'मला येऊ देत नाही, निदान मावशीला तरी घरात घ्या.' तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या हे मी समजू शकतो. फोनवर ताईने 'रंग कसला, भिंती होत्या तशाच आहेत' असं सांगितलं असणार. तिला खोटं बोलणं जमत नाही आणि मला जमतं, असा आमचा संसार.

तू रागाने सोडलेली मावशी आली. कार्ड पोहोचायच्या आधी ती पोहोचली. वर खुराडं नाही, मी ते कधीच मोडून टाकलंय. ती गच्चीवर घिरट्या घालत होती, बसायला जागा शोधत होती. मग खाली उतरली आणि ताईच्या खोलीच्या खिडकीत येऊन बसली.

ताई तू गेल्यापासून गादीवरून उठली नव्हती. ती उठली. भिंत धरून खिडकीशी गेली आणि म्हणाली, 'अगं बाई, तू?' मी धावत गेलो आणि मावशीच्या तोंडावर खिडकी लावून घेतली. काचेच्या पलीकडे ती चोच मारत होती, अलीकडे तुझी ताई काचेला हात लावून उभी होती. मी दोघींच्या मध्ये कडीला हात लावून उभा, एखाद्या जेलरसारखा. 'एवढं कशाला हो,' इतकंच ती म्हणाली आणि दम लागून खाली बसली.

आता सांगायलाच हवं. तिच्या फुफ्फुसांना कबुतरांची भुकटी लागली आहे. डॉक्टर म्हणतात, काही जणांचं शरीर त्या भुकटीशी भांडत बसतं आणि भांडता भांडता फुफ्फुसं आतून कडक होत जातात. कडक झालेला भाग पुन्हा मऊ होत नाही. मी दिवसभर मोटारी दुरुस्त करायला दुकानात. इतकी वर्षं रोज सकाळी खुराडं खरवडलं ते तिने. मी शर्यती जिंकल्या, पेले आणले, आणि झाडलोट तिची. मी तिच्याइतकीच भुकटी खाल्ली असेल, मला साधी शिंक येत नाही. देवाला विचारायचं तरी काय?

'पक्षी घरातून हलवा, तेवढाच उपाय,' डॉक्टर म्हणाले. तिची एकच अट, तुला सांगायचं नाही. 'त्याला कळलं तर तो एकेकाची मान मुरगळेल. मला माहीत आहे तो.' मलाही माहीत आहे. म्हणून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो आणि गुडघ्यांवर ढकललं. माझे गुडघे अगदी छान आहेत.

पक्षी दिले, खुराडं मोडलं, भिंती धुतल्या. ती सुधारायला लागली होती, खरंच. जिन्यापर्यंत चालायची. मग तू आलास, आणि तू गेल्यावर ती जी आडवी झाली ती उठेना. मला कळेना. घरात एक पीस नाही, मग हे कशाने? डॉक्टरांनी विचारलं, घरात कोण आलं होतं? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भुकटी तुझ्या शर्टावर होती, तुझ्या केसांत होती, जे काही उरलेत त्यांत. तू तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होतास.

म्हणजे पक्षी तुझ्याकडे पाठवून मी काय केलं बघ. दुसऱ्या कुणाला दिले असते तर तिचा भाऊ तरी तिला उरला असता. माझे पक्षी नीट सांभाळील असा मला तूच दिसलास. आता ते तुझ्याकडून काढावेत तर कुणाकडे? जो घेईल तो आज ना उद्या सोडणार आणि ते परत इथेच येणार. मी त्यांना तेवढंच तर शिकवलं.

मावशीला मी गच्चीवर डबा वाजवून पकडलं आणि खोक्यात घालून बसच्या ड्रायव्हरच्या हाती तुझ्याकडे पाठवलं, ते तुला मिळालंच असेल. नंतर साबणाने अंग घासून मगच ताईजवळ गेलो. 

तू ये. पण नवे, दुकानातून घडी न मोडता आणलेले कपडे घालून ये. निघण्याआधी दोन दिवस खुराड्यात पाय टाकू नकोस, ते काम बायकोला सांग, आणि तिलाही फडकं बांधायला लाव. डोक्यावरून आंघोळ कर. चपला जिन्याखाली ठेव. आणि हात जोडून सांगतो, घरी गेल्यावर पक्ष्यांवर राग काढू नकोस. तिच्यासाठी.

तुझा
भाऊजी


९ जून

प्रिय शेंडेफळ,

तू सांगितलं तसा आलास, दारात उभा राहून 'आत येऊ का' विचारलंस. तिच्यासमोर डोळ्यांतून पाणी काढलं नाहीस, जिन्यात जाऊन काढलंस, ते मी पाहिलं. पक्ष्यांना बोटही लावलं नाहीस, हेही तुझ्या बायकोने मला सांगितलं. तुझे उपकार कसे फेडू ते कळत नाही.

तू गेल्यावर ती म्हणाली, 'कोण आलं होतं हो? साबणाच्या जाहिरातीतला माणूस वाटला.' मग बराच वेळ श्वास गोळा करून म्हणाली, 'माझ्या भावासारखा वास नाही आला त्याला.'

आता बातमी. परवा डॉक्टर घरी येऊन गेले. ऑक्सिजनच्या यंत्राचा आकडा वाढवून काही उपयोग नाही म्हणाले. मी नेहमीसारखं पथ्य विचारलं. ते म्हणाले, 'आता पथ्य नको. काय खावंसं वाटेल ते द्या. कुणाला भेटावंसं वाटेल त्यांना बोलवा.' हे सांगताना त्यांनी माझा हात धरला होता. हा माणूस इतक्या महिन्यांत कधी खुर्चीवर टेकला नव्हता, त्या दिवशी चहा घेऊन गेला. मी काय समजायचं ते समजलो.

तिलाही कळलं. डॉक्टर जिना उतरतायत तोवर म्हणाली, 'पथ्य उठलं ना? मग त्याला लिहा. म्हणावं, खुराड्यातून उठून आहेस तसाच ये. आणि मावशीला घेऊन ये.'

मी म्हटलं, 'अगं, तुला सोसणार नाही.'

'आता काय सोसायचं राहिलंय?'

मी नाही म्हणालो. मी ओरडलो तिच्यावर. तुझी ताई अंथरुणात आणि मी तिच्यावर ओरडतोय. म्हटलं, भुकटीचा एक कण या घरात येऊ देणार नाही, मी इतकं सगळं कशासाठी केलं? तिने वाद घातला नाही, वाद घालायला श्वास लागतो. ती खिडकीकडे तोंड करून पडून राहिली. मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो. यंत्राची घरघर ऐकू येत होती. तिला जे हवं ते मी गेल्या जानेवारीपासून एकदाही दिलं नव्हतं. आत गेलो आणि म्हटलं, लिहितो.

तेव्हा कसं यायचं ते सांगतो. येताना आंघोळ करू नकोस. सकाळी खुराडं खरवड, पक्ष्यांना दाणे घाल, आणि त्याच शर्टावर पहिली गाडी धर. कपडे झटकू नकोस. मावशीला वेताच्या टोपलीत घे, वरून कापड टाक म्हणजे ती बावरणार नाही. वाटेत पाणी दाखव. दोन मुठी मका टाकून आण, उपाशी पक्षी ताईला बघवायचा नाही. इथे आल्यावर हात धुवायलासुद्धा थांबू नकोस, सरळ तिच्या खोलीत जा. मावशीला तिच्या हातात दे, दोन्ही पंख तळहातांत मिटून, पाय बोटांच्या मध्ये, मी तुला दाखवलं होतं तसं. तिच्या हातात जोर नाही, म्हणून खालून तुझा हात असू दे.

मी तिथे असेन. खिडकी मी लावणार नाही.

इतकी वर्षं लोक मला विचारत आले, भाऊ, पक्षी आजारी पडला तर काय करायचं, वाट चुकला तर काय करायचं, जोडीतला एक गेला तर दुसऱ्याचं काय करायचं. मी सगळ्यांना धडाधडा सांगायचो. जोडीतला एक गेला की दुसऱ्याला काही दिवस एकटं ठेवा, मग नवी जोडी लावा, विसरतो तो, असं मी बेधडक सांगायचो. आज मला विचारायचं आहे, ही गेल्यावर सकाळी उठून मी काय करू? ज्यांना मी शिकवलं त्यांच्यातल्या कुणालाही ते माहीत नसणार. तुलाही नाही.

तरी ये. पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्याच दिवशीच्या गाडीने ये.

तुझ्या ताईच्या उशाशी बसलेला,
भाऊजी