भट्टीवाल्याचा रविवार

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? सौ.चा गुडघा जिना चढू देतो का? लेकीचा खोकला थांबला का? माझं म्हणशील तर डोळे शिवणाला दमले, पण बोलायला तोंड धड आहे.

बाबांचं दुकान विकून तुझ्या वाट्याला आलेले पैसे कुठे ठेवावेत, असं विचारलंस. तुझ्या मनात ते घराच्या कर्जात भरायचे आहेत. सौ. म्हणते, करमुक्त बचतीत ठेवू. मी बँकेची पत्रकं भिंग लावून वाचली. बचतीच्या व्याजावर कर नाही, हे खरं. पण बेकरीच्या पगारावर तुला मुळात कर लागतो कुठे? टकल्याला कंगवा फुकट मिळाला, त्यातली गत. उलट कर्जाचं व्याज मात्र तू झोपलास तरी जागं असतं.

पण खरं दुखणं वेगळंच. शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलंस, की रविवारी भट्टीवर जाणं आता झेपत नाही. हे बायकोला का सांगत नाहीस? तोंडात पाव कोंबलाय का? तिला कळल्याशिवाय पैसा हलवू नकोस.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी अक्का

२० फेब्रुवारी

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी माझ्या चहाच्या कपाखाली ठेवलं आणि दळण आणायला निघून गेले. सांगायची ही ह्यांची तऱ्हा.

वाचून वाईट वाटलं. मला वाटायचं, रविवारी घरात करमत नाही म्हणून जातात. शेजारणीला मी कौतुकानं सांगायचे, आमच्या ह्यांना कामाशिवाय चैन पडत नाही म्हणून. आणि हे माझ्या भीतीपायी जात होते. मागे ह्यांची कंबर धरली तेव्हा दुधाला उसने मागावे लागले होते. तेव्हापासून मी गाठीला काहीतरी हवं, असा धोशा लावला. रविवारची मजुरी त्या गाठीसाठी. कर्जात घातलेला पैसा भिंतीत गेला, भिंत काही परत देत नाही, म्हणून मी अडून बसले होते.

शेवटी दोघं बँकेत गेलो. तिथल्या मुलीनं सांगितलं, कर्जाला जोडलेलं एक खातं असतं. पैसे आपलेच राहतात, केव्हाही काढता येतात. त्यांवर व्याज मिळत नाही, पण तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. हप्ता तोच, वर्षं मात्र कमी होतात. केव्हाही म्हणजे आजारपणातही ना, असं मी इतक्यांदा विचारलं की तिनं मला पाणी दिलं. मग सही केली आणि ह्यांना म्हटलं, आता रविवार बंद.

परवा पहिला रविवार. हे अंधारातच उठले, बूट घातले आणि खुर्चीत बसून राहिले. जातही नाहीत, झोपतही नाहीत. त्यांना काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

आशीर्वाद असू द्यावेत.

तुमची भावजय

१ मार्च

चि. सौ. भावजयीस अनेक आशीर्वाद.

खातं चांगलं केलंत. माझ्या पत्रकांत ते नव्हतं, म्हणजे शहाणपण भिंगापेक्षा पाणी पिऊन येतं म्हणायचं.

खुर्चीतल्या माणसाला काही बोलू नकोस. शेजारी बस, गुडघा दुखत असेल तर पाय त्याच्या मांडीवर टाक, उठायची सोय राहायला नको. इतक्या वर्षांचा शीण आहे, बाई. कर्जासारखंच असतं त्याचं. आधी नुसतं व्याजच फिटत राहतं, मुद्दल हळूहळू हलतं. आणि तूही दमली आहेस, ते कुणी विचारलं नाही. मी विचारते.

माया आहे ती दोघांत वाटून घ्या. आणि तो उजाडेपर्यंत झोपला, एवढी एक ओळ लिहिता आली की त्याच दिवशी पत्र टाक. वाट पाहते.

तुझी वन्सं