न्हाणीपुढची चकचकीत टाइल

३ फेब्रुवारी, सोमवार

खुशी पडली! न्हाणीपुढे ती एकच चकचकीत टाइल टाकलेली आहे, तिच्यावर ओला पाय ठेवला आणि सटकली. हनुवटीला तीन टाके. चार वर्षांची नात माझी, टाके घालताना रडली नाही. घरी आल्यावर विचारते, "आजी, टाइलले लागलं काय?"

ही टाइल ह्यांनी तीन वर्षांमागे नमुना म्हणून आणली होती. संध्याकाळी मी पहार घेतली आणि उपटली. आता गोठ्याच्या भिंतीला उभी आहे.

४ फेब्रुवारी

खुशीने वरण-भात खाल्ला. अर्धा धाकट्या भावाला, अंकुरला भरवला. बरं वाटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

मधल्या खोलीचा कोबा पुन्हा फाटला. खाली काळी माती. उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, वरचं सिमेंट टिकणार कसं? भेगांत मुंग्या. धाकटा अंकुर रांगतो, गुडघे सोललेले, भेगेत सापडेल ते तोंडात. या खेपेला नीट फरशी करायची, असं मी सकाळी सांगून टाकलं.

भीमराज म्हणे, "कायले नवी पायतं, माय? बाबानं आणलेले खोके पडले हायेत ना पऱ्हाटीखाली. थेच लाव."

"थ्या चकचकीत? पोरीची हनुवटी पाह्य आधी."

"बाबाची शेवटची वस्तू हाय थे!"

लेकाला काय सांगू? ह्यांचं-माझं शेवटचं धड बोलणंही त्या टाइलवरूनच झालं. खुशी तेव्हा रांगत होती. मी म्हटलं, "नातीखाली काच अंथरता काय?" हे म्हणाले, "तुले काय समजते फरशीतलं!" दोन दिवसांनी टेंपोतून खोके उतरले. मी रागात. बघायला दारातसुद्धा गेले नाही. जेवायला वाढलं, पाणी दिलं, बोलले नाही. आठव्या दिवशी शेतात ह्यांच्या छातीत कळ आली. संपलं.

खोके ताडपत्रीखाली तसेच. दर वर्षी वर कपाशीच्या काड्या रचल्या जातात. मी उघडले नाहीत, कोणाला हात लावू दिला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

महागावला गेले. सोबत सून, पायल. दुकानदार म्हणे, "काकू, हे पाहा, आरसाच!" मी म्हटलं, आरसा भिंतीवर बरा. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, चपला काढल्या, चार टाइला मांडायला लावल्या, पाणी ओतलं आणि एकेकीवर उभी राहिले. पायल लाजून दाराकडे सरकली.

दुकानदार हसायला लागला. "असं करणारे तुमी दुसरे. मागं कवातरी एक काका आलते, त्यायनं तं मले साबण मागला होता!"

असेल कोणी शहाणा. चला, जगात मी एकटीच वेडी नाही!

तीन तुकडे मागून घरी आणले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज परीक्षा घेतली. तिन्ही तुकड्यांवर शेतातला चिखल, खोबरेल तेल, वरण. अंकुरने आपणहून केलेली मदत वेगळीच! दुपारभर वाळू दिलं, मग ओलं फडकं फिरवलं.

चकचकीत एका हातात साफ झाली, पण ओली असली की पाय ठरत नाही. ती बाद. फार खरखरीत होती तिने पाय घट्ट धरला, पण तिच्या खड्ड्यांत चिखलही घट्ट बसला. ब्रशने घासली तेव्हा निघाला. पोरांच्या घरात दिवसातून सहा वेळा कोण घासणार? तिसरी राखाडी, बारीक ठिपक्यांची, हाताला लागेल न लागेल इतकी खरखर. पायाला धरते, चिखलाला सोडते. हीच! मोठ्या आकाराची घ्यायची, म्हणजे सांधे कमी. घाण सांध्यातच बसते.

शेजारची इंदूबाई कंपाउंडवरून बघत होती. "एवढं पारखून तं तुनं जावईबी नसन केला!"

म्हटलं, "जावयावर पाणी ओतता येत नाई ना, बाई."

२३ फेब्रुवारी, रविवार

शंकरसिंग मिस्त्री येऊन माप घेऊन गेला. म्हणे, "काकी, काळी माती काढा लागन, मुरूम भरा लागन." म्हटलं, काढ. अर्धवट काम मला नको.

ह्यांच्या खोक्यांचंही ठरवलं. त्या टाइला न्हाणीच्या भिंतींना लावायच्या. भिंतीवर कोणी चालत नाही, आणि चकचकीत भिंत पुसायला सोपी. भीमराजचा चेहरा उजळला. बाबाची वस्तू घरात राहिली.

मलाही हलकं वाटतं आहे. तीन वर्षांनी आमचं भांडण मिटलं. मी जिंकले, पण मिटलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

शंकरसिंगने पऱ्हाटी बाजूला केली, पहिला खोका फोडला. "काकी, ह्या भिंतीच्या नाईत."

राखाडी. बारीक ठिपके. हात फिरवला. लागेल न लागेल इतकी खरखर.

सगळे खोके उघडायला लावले. सगळ्यांत तीच.

साबण ह्यांनीच मागितला होता.

ते आठ दिवस हे खोके अंगणात होते. मी बाहेर येऊन बघेन, याची हे वाट पाहत असतील.