दर चार मिनिटांनी एकदा

३ मार्च, ११.४०
एकतीस तारखेला नेमणूक संपते. मुदतवाढ हवी तर शोधनिबंध हवा. आज मॅग्नेटोमीटरची रेघ अर्धा तास डोलली, दर चार मिनिटांनी एकदा. सौरवाऱ्याचा धक्का बसला की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र छेडलेल्या तारेसारखं थरथरतं. हेच ते. खात्री होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही.

४ मार्च
सरांना सांगितलं.

७ मार्च
रोज, त्याच वेळी. उपग्रहाच्या नोंदीत सौरवारा मंद. म्हणजे मंद वाऱ्यातही आंदोलनं होतात. हा तर नवाच शोध. शीर्षक ठरलं; फक्त निबंध उरलाय.

१० मार्च
सर म्हणाले, शेजारच्या केंद्रावर दिसतंय का बघ. बघितलं. सरळ रेघ. त्यांचं उपकरण सुस्त असावं. तसं नम्रपणे कळवलं.

११ मार्च
त्यांचं उत्तर: आमचं ठणठणीत आहे, मॅडम. तुमच्याकडे कोणी लोखंड घेऊन फिरतंय का?
याला उत्तर देणार नाही.
अकराला आईचा फोन, रोजच्यासारखा. रेंज फक्त मॅग्नेटोमीटरच्या खोलीमागच्या वाटेवर. येरझारा घालत बोलले. मुदतवाढ मिळाल्यातच जमा आहे, म्हटलं. ती म्हणाली, मग आवाज असा का गं?

१७ मार्च
ताप. रजा. रेघ दिवसभर सरळ. सूर्यही रजेवर.

१९ मार्च
निबंध मुदतवाढीच्या समितीकडे गेला.
तंत्रज्ञ काका माझ्या नव्या सेफ्टी बुटांकडे बघत म्हणाले, ताई, यांच्या टोकात पोलाद असतं ना? असेल, म्हटलं. मग त्या सूर्याला कशाला बदनाम करताय, म्हणाले.
ती वाट, जाऊन-येऊन: चार मिनिटं. योगायोग.

२२ मार्च
अनवाणी चालले. रेघ सरळ. पण एका चाचणीवरून निष्कर्ष काढणं घाईचं. उद्या बूट घालून, दहा ते बारा. पद्धत म्हणजे पद्धत.

२४ मार्च
काल दहा ते बारा सौरवारा सेकंदाला सातशे किलोमीटर, म्हणजे तुफान. शेजारच्या केंद्रावर दोन तास आंदोलनं, पाठ्यपुस्तकात छापावीत अशी. आमच्या रेघेतही ती आहेत. माझ्या पावलांतून वेगळी काढता येत नाहीत. सकाळभर बसले. नाहीच येत.
सर ओरडले नाहीत. समितीकडून निबंध परत मागवलाय, एवढंच म्हणाले आणि केंद्राची नोंदवही पुढे सरकवली. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: मानवी हस्तक्षेप. वगळावे.
खाली सही केली.