सीझरची सोळा तारीख

लोदेव, २ एप्रिल १८६०

चि. कासिमिर यास ओनोरीनताईचे अ. आ. वि. वि.

तू पाठवलेलं कॅलेंडर मिळालं. पुडकं मोठं होतं, म्हणून आईला वाटलं पॅरिसहून शाल आली. तुझ्या दिवंगत कोंतगुरुजींनी बाराचे तेरा महिने केले, वर्षंही क्रांतीपासून मोजली, हे ऐकून तिने विचारलं, मग उपास कुठल्या महिन्यात धरायचे. महिन्यांना नावं मोझेस, होमर, आर्किमिडीज, सीझर अशी. त्यात बायका शोधायला मला चष्मा लावावा लागला. शेवटी सापडला वर्षअखेरचा एक जादा दिवस, सगळ्या थोर स्त्रियांचा मिळून, आणि तोही फक्त लीप वर्षात. यंदा लीप वर्ष आहे, म्हणजे डिसेंबरात माझा मान.

आता कामाचं. सेत बंदरातल्या फुलक्रांने मला पुन्हा मागणी घातली आहे. दारूची पिंपं बनवतो, बोलतो कमी, ऐकतो सगळं. या वेळी मी हो म्हटलं. लग्न सोमवारी, सात मेला. पण आईचे गुडघे गेले आहेत आणि ती लोदेव सोडायला तयार नाही. समुद्राच्या वाऱ्याने दात पडतात म्हणते. दात राहिलेत कुठे हे तिला कोण विचारणार? तिची एकच अट आहे. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात, चारचौघांसमोर, तू तिचा हात धरून म्हणायचंस की आईचं यापुढे मी बघतो. तू आला नाहीस तर मी फुलक्रांला नकार कळवणार. तिला एकटीला टाकून मला जायचं नाही, आणि हे तुला चांगलं ठाऊक आहे. दहा वर्षं तू समाज सुधारतो आहेस आणि मी तिचे गुडघे चोळते आहे.

औषधवाले बुस्के काका तुला विचारत होते. तरुणपणी ते सेंट-सिमोनच्या पंथात होते ना, तेव्हाची पाठीवर बटणांची बंडी अजून घालतात. माणसाने माणसावर अवलंबून राहावं म्हणून बटणं पाठीवर. काकू होत्या तोवर त्यांनी लावली, आता मी जाऊन लावते. बंधुत्व ते, लावायला मात्र बाई.

येशील या भरवशावर थांबते.
ओनोरीन

पॅरिस, २२ आर्किमिडीज, वर्ष ७२

ती. ओनोरीनताईस कासिमिरचा सा. न. वि. वि.

तुझ्या लग्नाचं वाचून आनंद झाला. टिंगलीचं वाईट वाटलं नाही. प्रत्येक नव्या शास्त्राची आधी टिंगलच होते. माणसाची बुद्धी तीन अवस्थांतून जाते: आधी देव, मग पोकळ शब्द, शेवटी शास्त्र. आई पहिल्या अवस्थेत आहे, बुस्के काका दुसऱ्या. आमच्या शास्त्राचं नाव समाजशास्त्र. मूळ शब्द अर्धा लॅटिन, अर्धा ग्रीक, म्हणून पंडित नाकं मुरडतात. मोंतेस्क्यूने पाया खणला, कोंदोर्सेने भिंती उभ्या केल्या, आणि कळस चढवला आमच्या गुरुजींनी. सेंट-सिमोनकडून त्यांनी काही उचललं असं काका म्हणाले तर कानाडोळा कर.

गुरुजी सांगून गेले की समाजाचा घटक एकटा माणूस नव्हे, कुटुंब. त्या कुटुंबावरच माझा ग्रंथ चालू आहे, म्हणून घरी यायला सवड होत नाही. शिवाय चर्चच्या दारात उभं राहणं माझ्या तत्त्वात बसत नाही. यावर मी तोड काढली आहे. तुमच्या सात मेला लग्न उरकू दे. मी आठला पोचतो. कॅलेंडरसोबतच्या कोष्टकाप्रमाणे ती सीझरची सोळा. उरलंसुरलं जेवून संध्याकाळच्या गाडीने परत निघेन. आईचं म्हणशील, तर जिव्हाळा हा स्त्रीचा निसर्गधर्म आहे. तू तिला समजावून सेतला ने. ‘दुसऱ्यांसाठी जगा’ हे आमचं ब्रीद तुझ्याइतकं कुणी आचरलेलं नाही.

गुरुजींप्रमाणे मीही मेंदूच्या स्वच्छतेसाठी वर्तमानपत्रं वाचत नाही, आणि दिवस मोजतो ते आमच्याच कॅलेंडरने. तेव्हा तारखेबद्दल निर्धास्त राहा.

लोभ आहे तो शास्त्राच्या आड येऊ नये.
कासिमिर

लोदेव, २३ एप्रिल १८६०

चि. कासिमिर यास अ. आ.

तुझं पत्र पोचलं. बुस्के काकांना वाचून दाखवलं, तर ते हसता हसता इतके खोकले की त्यांना त्यांचंच औषध द्यावं लागलं. तू म्हणतोस तसंच कर. सीझरच्या सोळाला सकाळच्या गाडीने ये, एक दिवस अलीकडे नाही की पलीकडे नाही. वाटेत कुणाला तारीख विचारू नकोस आणि वर्तमानपत्राला हात लावू नकोस. मेंदू स्वच्छ असलेला बरा.

आईला सांगितलंय, कासिमिर येतोय. तिने तुझी खोली झाडायला घेतली, बसल्या बसल्या.
ओनोरीन

लोदेव, सोमवार, २१ मे १८६०

ती. ताईस सा. न. वि. वि.

आज राग आवरून लिहितो आहे. सीझरच्या सोळा तारखेला घोडागाडी चर्चसमोर थांबली, तेव्हा घंटा वाजत होत्या. मला वाटलं, कुणाची तरी मयत आहे. उतरलो तर तू फुलांचा मुकुट घालून उभी, आणि दारात खुर्चीवर आई. ती गावाला सांगत होती, बघा, मी म्हटलं नव्हतं का, ऐन वेळेला येईल. तत्त्व सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिने माझा हात धरला. तिचा हात इतका हलका झालाय हे मला कुणी कळवलं नव्हतं. किंवा कळवलं असेल, मी वाचलं नसेल. मग जे बोललो ते सगळ्यांनी ऐकलं. पाद्रीबाबांनी तर दोनदा वदवून घेतलं.

माझा हिशेब चुकला कसा, हे अजून कळत नाही. कोष्टक मी पुन्हा पाहिलं, त्यात चूक नाही.

आईला लसणाचं सार करून दिलं. ती म्हणाली, हे सार आहे की शास्त्र? लसूण आधी ठेचायचा की आधी उकळायचा? गुडघ्यांना तेल कोमट लावायचं की गरम? शेजारीण सांगते एक, आई सांगते दुसरं, आणि ग्रंथात काहीच नाही. इथल्या शाळेत गणित शिकवायला मास्तर हवा होता, म्हणून उद्यापासून जातो आहे. हे तात्पुरतं आहे.

उत्तर लवकर पाठव, सार रोज लागतं.
कासिमिर

सेत, २७ मे १८६०

चि. कासिमिर यास अ. आ. वि. वि.

लसूण आधी ठेच. तेल कोमट, आणि चोळताना बोलत राहा. तिला तेलापेक्षा बोलणं लागतं. सकाळी शाळेत जाताना बुस्के काकांकडे डोकावून त्यांच्या पाठीची बटणं लावत जा. त्या पंथाला इतक्या वर्षांनी पहिला बंधू मिळेल.

इथे वारा फार आहे. फुलक्रां संध्याकाळी पिंपावर बसून मला शिंपले सोलून देतो. माझ्यासाठी कुणी काही सोलून दिलं की अजून मला रडू येतं, मग तो घाबरतो.

तुझं कोष्टक बरोबरच आहे, पण साध्या वर्षांचं. यंदा फेब्रुवारीत एकोणतिसावा दिवस आला, तो तुमच्या कॅलेंडरात डिसेंबरअखेर धरतात. म्हणून मार्चपासून तुझी प्रत्येक तारीख कोष्टकापेक्षा एक दिवस आधी उजाडते आहे, आणि सीझरची सोळा आली ती सात मेलाच. बुस्के काकांनी हे तुझं पत्र ऐकताच ओळखलं. मला कळवता आलं असतं, पण मी कळवलं नाही. तुझ्या गुरुजींनी आम्हा बायकांना चार वर्षांतून एक दिवस दिला होता ना, तो मी डिसेंबरपर्यंत ठेवला नाही. मेमध्येच खर्च केला.

आईच्या पाया पडते. तुझ्यावर लोभ होताच. आता थोडा विश्वासही बसू लागलाय, तो टिकव.
तुझी ताई